पाणी, कोळसा आणि माझी सही

३ मार्च, सोमवार

आमच्या सल्लागार कंपनीच्या राघवेंद्र सरांनी काम दिलं. मागितलं मीच होतं. क्लायंटला घाटातल्या एका दरीत नवं जलविद्युत केंद्र बांधायचं आहे, किंवा मग जुन्या कोळशाच्या केंद्रात आणखी एक संच बसवायचा आहे. दोन्ही झेपणार नाहीत. कशात पडावं, हे आम्ही सांगायचं. दोन्हींचा खर्च, दोन्हींच्या मर्यादा. पाच आठवडे. पाण्याची बाजू माझी, कोळशाची केतकीची.

सर म्हणाले, "सुरेखा, एक पान. एक आकडा. खाली दोघींच्या सह्या."

मी म्हटलं, खर्च एका आकड्यात बसतो, मर्यादा बसत नाहीत.

"बसवायच्या." आणि हसले. त्यांचं हसू मला आवडतं, ही माझी जुनी अडचण. धंदा त्यांनीच शिकवला.

केतकी नागपूरकडची. कोळशाच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेली, वडील तिथंच कामाला होते. तीन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर आहे. इथे यापुढे नुसतं के. लिहीन, नाव लिहून हात दुखतो.

घरी सांगितलं. अप्पांना आनंद. चौतीस वर्षं धरणाखालच्या पॉवर हाऊसमध्ये ऑपरेटर होते, बेळगावकडे. "त्यात तुलना कसली करायलीस? पाण्याला बिल येत नाही." भात पुन्हा घेतला. डॉक्टरांनी नको म्हटलेला.

५ मार्च, बुधवार

के.शी भांडण, मोठ्यानं. पँट्रीतली माणसं कॉफी घेऊन सटकली.

मी म्हटलं, कोळसा रोज लागतो. खाणीतून काढा, वॅगनमध्ये भरा, अर्धा देश ओढत आणा, जाळा, उद्या परत तेच. नदीचं तसं नाही. धरणाला सुरुवातीला पैसा प्रचंड लागतो, वर्षंही लागतात, पण पुढे दोन पिढ्या यंत्र फिरतं.

ती : "अन् पाऊस नाही पडला तर? हवेवर फिरवशील?"

मी : तुझं केंद्र एकदा थंड पडलं की पेटवायला तासन्‌तास. पाण्याचं काही मिनिटांत चालू. संध्याकाळी अख्खं शहर एकदम दिवे लावतं तेव्हा धावून कोण येतं?

ती : "येते ना, मान्य. पण पाहुण्यासारखं येते. चार तास गोड बोलते अन् जाते. घर कोण चालवते? कोळसा."

मी : घाण करून ठेवून चालवतो.

तिचा चेहरा बदलला. "माझ्या बापानं राखड खाल्ली तेव्हा लोकांच्या घरात ट्यूबलाइट लागल्या. घाण म्हणू नको."

राखड म्हणजे कोळशाची राख. मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती. नाही मागितली.

८ मार्च, शनिवार

सकाळी अकराला करंट गेला. चामराजपेटेत तो जातो तेव्हा आवाजावरून कळतं : आधी शिवण्णाची पिठाची गिरणी गप्प होते, मग समोरचा छापखाना, मग सगळे एकदम बाहेर येऊन बोलायला लागतात. के. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहते. तिच्या इमारतीत जनरेटर असा पटकन उचलतो की तिला वीज गेल्याचं कळतही नाही. तिनं कोळशाची बाजू घ्यावी आणि मी पाण्याची, आणि दोघींच्या घरी खरा उपयोग डिझेलचा! (आमच्याकडे तोही नाही.)

दळण अर्धवट राहिलं. शिवण्णा गिरणीच्या पायरीवर, भुवयांपर्यंत पीठ. ते मराठी-कानडी मिसळून बोलतात. मी कामाचं सांगितलं तर म्हणाले, "अक्का, करंट कुठनं येतो ते मला नको. कधी येतो ते सांगा. मग बाकीचं स्वल्प विचार करू."

हे वाक्य अहवालात घालायला हवं. दोन्ही बाजूंना लागू.

१२ मार्च, बुधवार

कोळशाचं केंद्र बघून आलो, मी आणि के. येताना गाडीत लिहिते आहे.

कोळशाचा डोंगर मोठा दिसतो, पण अधिकारी सरळ बोलले : "हा थोड्या दिवसांचा आहे, मॅडम. कोळशाची मालगाडी, म्हणजे रेक, आली नाही तर आम्ही रोज खिडकीतून रुळांकडे बघत बसतो." पावसाळ्यात कोळसा भिजतो, चिकटतो, नीट जळत नाही. शिवाय हे केंद्र पाहिजे तेवढं मंद करता येत नाही. एका हद्दीखाली आणलं की विझतं. ते माझ्या वहीत लगेच गेलं. आनंदानं.

मग राखेचा तलाव. पांढरट, मैलभर, काठावर गाव. एका घरात गेलो. बाईनं पापड घातले होते. घरात, पंख्याखाली.

"बाहेर ऊन आहे की," मी म्हटलं.

"बाहेर पापडावर राख बसते. चुलीतली नव्हे, ह्यांची." चिमणीकडे मान केली. "पंखा लावला की बिल येतं. पण पापड पांढरे राहतात."

ऊन फुकट पडलेलं बाहेर, आणि ही बाई त्याच चिमणीची वीज विकत घेऊन पापड वाळवते. हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा? आमच्या तक्त्यात तसा रकानाच नाही.

के. गाडीत म्हणाली, "आई रांगोळी दोनदा काढायची. एकदा सहाला, एकदा नऊला. मला वाटायचं सगळ्याच आया काढतात."

मी तिचा हात धरला. 'घाण' या शब्दाचं अजून बोलले नाही, पण तिला कळलं असावं.

मनात मात्र, खरं लिहायचं तर, मी जिंकल्यासारखी होते. पाणी स्वच्छ. पाण्याची राख होत नाही.

१९ मार्च, बुधवार

दरी बघून आले. एकटी. के.ला ताप.

जिंकल्याचं वाक्य वर तसंच ठेवते. खोडणार नाही.

रस्ता संपतो तिथून पाऊण तास चाल. मराठी बोलणारी वाडी. कागदावर तिचा उल्लेख "तुरळक वस्ती" असा आहे. तुरळक वस्तीनं मला चहा दिला, फणसाच्या कुइरीची भाजी वाढली आणि प्रश्न विचारले. तुळसाबाई म्हणून साठीच्या बाई, तिथल्या पुढारीच म्हणायच्या. सगळे त्यांच्याकडे बघून बोलत होते.

"धरण झालं की लाईट आमच्यातनं जाणार, का आमच्यात येणार?"

वाडीत खांब आहेत. तारा चार वर्षांपूर्वी वाऱ्यानं पडल्या, त्या पडल्यात.

मी म्हटलं, पुनर्वसन झालं की तिकडे येईल.

"तिकडे म्हंजे कुठं?"

मला माहीत नव्हतं. कागदावरही नाही. तिथं "यथावकाश" आहे.

मग त्यांना ओढ्याचं विचारलं. हा माझा खरा विषय. क्लायंटच्या कागदांत पाण्याची सरासरी आहे, आणि ती सुरेख आहे. तुळसाबाई म्हणाल्या, "सरासरी म्हंजे काय गं?" मी सांगितलं : चांगली वर्षं, वाईट वर्षं एकत्र करून मधलं धरायचं. त्या हसायला लागल्या. "मधलं वर्ष आम्हाला कधी आलंच नाही. येतं ते घर घेऊन जातं, नाहीतर येतच नाही." मग ओढ्यातला एक खडक दाखवला. दोन उन्हाळ्यांपूर्वी तो सबंध उघडा पडला होता म्हणे, पोरं त्यावर बसून आंबे खायची. पावसात वरची दरड सुटते, माती सगळी खाली. म्हणजे गाळ. म्हणजे धरणाचं पोट दर वर्षी थोडं थोडं भरत जाणार, पाण्यानं नव्हे.

येताना बसमध्ये कागद पुन्हा काढले. सरासरीसाठी कुठली वर्षं धरलीत ते तळटीपेत आहे, बारीक अक्षरात. त्यात तो उन्हाळा नाही. त्याच्या आधीचाही नाही. मोजमाप झालेलं आहे, आकडे आमच्याच कपाटात आहेत. फक्त घेतलेले नाहीत.

२१ मार्च, शुक्रवार

तक्ता नव्यानं मांडला. कोरडी वर्षं घातली की पाण्याची स्वस्ताई बरीच वितळते. कारण त्या वर्षी क्लायंटला वीज बाहेरून घ्यावी लागणार, आणि ती कोळशाचीच असणार. शिवाय उन्हाळ्यात धरणाचं पाणी आधी प्यायला, मग शेतीला, उरलं तर टर्बाइनला. ते बरोबरच आहे. पण मग तक्त्यात तसं दिसू द्या.

म्हणजे कोळसा स्वस्त? तसंही नाही. राखेची विल्हेवाट, धूर धुण्याची यंत्रं, थंड करायला लागणारं पाणी, राखेनं बिघडलेल्या विहिरी, पापड. ते घातलं की तोही चढतो. दोन्ही चढतात. दोन्हींच्या स्वस्ताईत कोणीतरी तिसरं माणूस भर घालत असतं.

रात्री जेवताना अप्पांना हे सांगितलं. चूक झाली.

"पाण्यावर शंका घ्यायलीस?" ताट सरकवलं. "ह्याच पाण्यानं तुला इंजिनिअर केलं."

मी विचारलं, अप्पा, तुमच्या धरणाखाली किती गावं गेली?

उठून गेले. हातही धुतला नाही.

२४ मार्च, सोमवार

अप्पा तीन दिवस बोलत नाहीत. पेपर वाचताना तो माझ्या आणि त्यांच्या मध्ये धरतात. मीही प्रश्न मागे घेतलेला नाही. घेणार नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न घरात कोणी विचारला नव्हता, आईनंही नाही. आता विचारला आहे तर राहू दे मधे.

के. परत आली. तिला तक्ता दाखवला. खूश व्हायला हवी होती, पाणी खाली आलं म्हणून. झाली नाही. नुसतं म्हणाली, "हे सर ठेवणार नाहीत."

मग बघू.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. शिवण्णांच्या घरून बेवु-बेल्ल आलं. अप्पांनी कडुलिंब आधी खाल्ला, गूळ राहू दिला. म्हणाले, "बस."

बसले. जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, विसरायचं नाही.

नोकरीचं पहिलं वर्ष. वय एकवीस. मराठी आणि कानडी दोन्ही स्वच्छ बोलता येतं म्हणून साहेबांनी त्यांना जीपमध्ये बसवलं, हातात भोंगा दिला. गावोगाव जाऊन सांगायचं : अमुक तारखेला धरणाची दारं बंद होणार, पाणी चढणार, सामान हलवा. कागदावर लिहून दिलं होतं. जमीन मिळेल. घर मिळेल. घरात लाईट मिळेल. अप्पा म्हणाले, "लाईटचं मी जरा मोठ्यानं म्हणायचो. मला खरंच वाटायचं मिळणार."

पुढे खूप वर्षांनी, मी कॉलेजात असताना, बेळगावच्या भाजी मार्केटात ते वांगी घेत होते. भाव विचारला. मागून एक हमाल वळला, डोक्यावर पोतं तसंच. म्हणाला, "तुमचा आवाज ओळखला मी."

बस. शिवी नाही, काही नाही. पुढे निघून गेला.

"त्या मार्केटात मी परत गेलो नाही. तुझ्या आईला सांगितलं, तिथली भाजी चांगली नसते."

मी विचारलं, हे लिहू का अहवालात?

"नको. आणि ऐक, तू चुकायलीस. कोळशापेक्षा पाणी बरंच आहे. मी यंत्रापाशी उभा राहिलोय, तू नाहीस. राज्यभर अंधार झाला होता तेव्हा पहिलं आमचं यंत्र उठलं, त्याच्या जोरावर बाकीची उठवली. हे लिही."

लिहिते म्हटलं. आणि लिहिलंही, अहवालात, पाण्याच्या बाजूला, ठळक. खरं आहे ते. काळोखातून उठायला पाणीच लागतं.

"आणि गावांचं?" मी विचारलं.

गुढीकडे बघून म्हणाले, "कोणा एकाच्या नावानं नको लिहू. पण गावांचं पान काढू नको."

१ एप्रिल, मंगळवार

अहवाल दिला. तीन पानं.

पहिलं : एक आकडा, त्यांना हवा तसा. दुसरं : कोरडं वर्ष. पाण्याचं आणि कोळशाचं, दोन्हींचं, समोरासमोर. तिसरं : यातला कुठला खर्च क्लायंट देणार नाही, आणि मग कोण देणार. तुळसाबाईंची वाडी, राखेच्या काठचं गाव. कोणाचं नाव नाही.

सरांनी उभ्याउभ्या वाचलं. "चांगलं आहे. दोन आणि तीन जोडपत्रात टाक."

ठीक, म्हटलं. जोडपत्रही वाचतात लोक.

दुपारी : "जोडपत्र आपल्या फाईलला ठेवू. पाठवायला नको."

म्हणजे कपाटात. त्या दोन उन्हाळ्यांशेजारी.

३ एप्रिल, गुरुवार

सरांच्या केबिनमध्ये एक तास.

ते वाईट माणूस नाहीत, हे मला इथेच लिहून ठेवायचं आहे, कारण उद्या मी रागात ते विसरेन. म्हणाले, "क्लायंटनं दरी आधीच ठरवली आहे. त्यांना आपलं मत नको, कागद हवा. आपण नाही दिला तर दुसरं कोणी देईल. मग तुझी दोन पानं कुठे जातील? आणि इथल्या चाळीस माणसांचं काय?"

मी : चाळीस माणसांसाठी मी वाटेल तेवढं काम करीन. सही करणार नाही.

"पहिल्या पानावर खोटं काय आहे?"

काही नाही. हाच तर त्रास आहे. पहिल्या पानावरचा प्रत्येक आकडा खरा आहे. मी म्हटलं, सर, तुम्हीच शिकवलंत, सरासरी चार फूट खोल नदीत माणूस बुडतो.

हसले नाहीत या वेळी. "केतकी एकटी सही करेल. मी तिच्याशी बोललो आहे. टीमही तिच्याकडे देतो आहे, याच महिन्यापासून."

बाहेर आले तर के. तिच्या जागेवर नव्हती. बॅगही नव्हती.

घराजवळच्या मार्केटपर्यंत बसला दीड तास लागला. सबंध वेळ तिच्यावर मनातल्या मनात ओरडत आले. तिच्यावर ओरडणं सोपं होतं.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी के. आमच्या घरी! पहिल्यांदाच. दार अप्पांनी उघडलं. मी येईपर्यंत दोघांचं पाण्याचा दाब आणि वाफेचा दाब यावर सुरू झालेलं. अप्पांना कोळशाचं माणूस इतक्या जवळून कधी मिळालं नव्हतं. चहा त्यांनी स्वतः केला.

मग के. मला म्हणाली, "मी एक उन्हाळा लपवला."

कळेना.

"तुला म्हटलं ना, पाऊस नसला तर तुझं बंद, माझं चालू. आमचं पण बंद पडलं होतं. मी आठवीत होते. तलाव आटला, थंड करायला पाणी नव्हतं. वसाहतीत सगळे बाबा लोक दुपारचे घरी. कोळशाचे ढीग पडून अन् चिमणीतून धूर नाही. आई त्या महिन्यात रांगोळी एकदाच काढायची. मला ते दिवस आवडायचे. म्हणून लक्षात आहे."

"मग तक्त्यात?"

"तक्त्यात मी कोळशाला कोरडं वर्ष जवळजवळ लागूच केलं नाही. दुसऱ्या पानावर माझा रकाना खोटा आहे. तुझा खरा. मी रात्री दुरुस्त केला. आता दोन्ही लंगडे दिसतात."

आणली होती ती दुरुस्त प्रत. मी वाचली. अप्पांनी चष्मा लावून वाचली. म्हणाले, "पाणी नसलं की कोणाचंच काही चालत नाही की." जसं काही हे त्यांना आजच कळलं. कदाचित आजच.

सहीचं मी विचारलं नाही. ती म्हणाली, "टीम पाहिजे आहे मला. खोटं कशाला बोलू. खूप पाहिजे आहे." आणि गेली.

'घाण' शब्दाबद्दल माफी मागितली, जिन्यात. "हो गं," म्हणाली, "पण होतीच ना."

७ एप्रिल, सोमवार

बैठक. घाईत लिहिते, हात अजून गरम आहेत.

क्लायंटचे पाच जण. सरांनी एक पान पडद्यावर लावलं. मला बसवलं होतं, पण बोलायचं नाही असं बजावून. के. माझ्या समोर, मान खाली. पानावर सहीच्या दोन जागा, दोन्ही कोऱ्या.

सर छान बोलतात. पंधरा मिनिटांत दरीत पाणी भरलं.

त्यांच्यातल्या एका वयस्कर, बहुधा निवृत्तीनंतर सल्ल्याला ठेवलेल्या इंजिनिअरनं एकच प्रश्न विचारला. "पाऊस दोन वर्षं लागोपाठ कमी झाला तर?"

सर : "सरासरीत ते आलंच आहे."

मी उठले. उठले तेव्हा काय करणार ते माहीत नव्हतं. मग म्हटलं, "नाही आलेलं. त्याचं वेगळं पान आहे."

"सुरेखा, नंतर."

"सर, नंतर ते कपाटात असतं."

तिन्ही पानं छापून आणली होती, के.च्या दुरुस्तीसह, पाच प्रती. बॅगेत डब्याखाली. का आणली होती? म्हणजे माहीत होतंच. वाटल्या. दोन मिनिटं कागदांचा आवाज. तिसऱ्या पानावर एक तरुण साहेब म्हणाले, "ह्या वाडीचा वीजखर्चाशी काय संबंध?"

मी म्हटलं, तुमचा आकडा कमी आहे कारण उरलेला ते भरणार आहेत.

हे मोठ्यानं बोललं गेलं. भोंगा नव्हता, तरी.

मग के. उभी राहिली. मला वाटलं, आता संपलं. ती म्हणाली, "पान दोनवरचा कोळशाचा रकाना मी भरला आहे. तो दाखवून कोळशाची बाजू घेऊ नका. कोरड्या वर्षी तेही थांबतं. मी थांबलेलं पाहिलं आहे." आणि बसली. मग पेन काढलं, स्वतःजवळच्या तीन पानी प्रतीवर सही केली, माझ्याकडे सरकवली.

मीही केली. तीन पानांवर, प्रत्येक पानावर.

वयस्कर इंजिनिअर सबंध वेळ वाचतच होते. त्यांनी प्रत दुमडून खिशात घातली. मुख्य साहेब म्हणाले, "आम्ही कळवू."

सर लिफ्टपाशी : "उद्या येऊ नका. दोघीही. मी कळवतो." सगळेच कळवणार आहेत. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता. ते जास्त लागलं.

९ एप्रिल, बुधवार

सरांचं पत्र, ईमेलवर. एका वाक्याचा मजकूर तयार करून पाठवला आहे. खाली सही करायची, मग सोमवारपासून कामावर या. "पान दोन आणि तीन हे माझं वैयक्तिक मत असून कंपनीच्या माहितीवर आधारित नाही." के.लाही तेच गेलंय. करारातलं गोपनीयतेचं कलमही जोडलंय, पिवळ्या रंगात.

कलम दोनदा वाचलं. क्लायंटचा पैसा गोपनीय आहे, क्लायंटचं नाव गोपनीय आहे. ठीक. इथेही लिहिलेलं नाही. पाऊस गोपनीय नाही. दोन वर्षं तो पडला नाही, हे सगळ्या राज्यानं पाहिलं आहे. टँकरच्या रांगेत उभं राहून पाहिलं आहे.

उत्तर लिहिलं. "पानं माझी आहेत. आकडे कंपनीच्या कपाटातले आहेत, वरून दुसरा कप्पा. या दोन्ही वाक्यांखाली सही करायला तयार आहे. तुमच्या वाक्याखाली नाही." पाठवलं. मग पाणी प्यायले, दोन पेले.

के.चा फोन. तिनं अजून काही पाठवलेलं नाही. "विचार करून राहिले." मी म्हटलं, कर. तुझ्यावर रागावणार नाही. म्हणताना खरं होतं. अजून आहे, थोडं थोडं.

दुपारी शिवण्णा दळण घेऊन वर आले, सुट्टी कसली म्हणून विचारायला. सांगितलं. म्हणाले, "सरी, बरं. मग कोणतं चांगलं निघालं शेवटी? पाणी की कोळसा?"

मी म्हटलं, शिवण्णा, अजून ठरायचंय.

"कोण ठरवणार?"

अप्पा आतून म्हणाले, "बघूया की." आणि मग, काही वेळानं, मला एकटीला विचारलं, तिकडे जायला सोईची बस कोणती. दरीकडे. कशाला, ते मी विचारलं नाही.

क्लायंटचं उत्तर नाही. सरांचं नाही. पर्यावरणाच्या परवानगीसाठी जनसुनावणी घ्यावीच लागते, ती त्या वाडीपासून दोन तासांवर तालुक्याच्या गावी आहे, मे महिन्यात. नोटीस लागली आहे, आज शोधून वाचली. तिथं कोणीही उभं राहून बोलू शकतं. नोकरी लागत नाही. मराठीत बोललं तरी चालतं.